अनुभव धागा : सर, मॅडम, आमची एवढीच अपेक्षा आहे

नववी-दहावीत असाल किंवा नुकते बाहेर पडला असाल तर लिहा. शिक्षकांकडून काय हवं होतं, काय मिळालं, काय राहून गेलं? शाळेचं आणि शिक्षकांचं नाव नको. माझी स्वतःची मुलगी दहावीत आहे, त्यामुळे प्रत्येक प्रतिसाद वाचणार आहे.

दहावी, सांगली जिल्हा
गणित भाग 2 (भूमिती) मध्ये प्रमाणाचं मूलभूत प्रमेय आहे. त्रिकोण ABC मध्ये बाजू BC ला समांतर रेषा AB ला P मध्ये आणि AC ला Q मध्ये छेदते, इथपर्यंत ठीक. मग PC आणि BQ का जोडायचे? AP : PB आणि AQ : QC ही बाजूंची गुणोत्तरं सारखी दाखवायची आहेत, तर क्षेत्रफळं कुठून आली? आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "पाठ कर, मार्क कुठे जात नाहीत."
पुढं बदली शिक्षिका आल्या. त्यांनी APQ आणि PQB हे दोन त्रिकोण वेगवेगळ्या खडूंनी रंगवले आणि विचारलं, "दोघांची उंची सारखीच ना? मग क्षेत्रफळांचं गुणोत्तर कशाचं?" पायांचं, म्हणजे AP आणि PB चं! PQB आणि PQC चा पाया PQ एकच, दोन्ही त्याच समांतर रेषांमध्ये, म्हणून क्षेत्रफळं सारखी. अख्खा वर्ग एकदम "हां" म्हणाला. ते प्रमेय मी आता झोपेतही लिहीन. 'का' विचारलं की वेळ वाया जातो असं समजू नका, एवढंच मागणं आहे.

नववी, सेमी इंग्रजी
विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत असलं तरी शंका मराठीत विचारू द्या. इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत तास संपतो. आणि शंका विचारली की "मघाशी लक्ष कुठं होतं?" हे नको. त्यानंतर कुणीच हात वर करत नाही.

मागच्या वर्षी दहावी झाली
अंतर्गत 20 गुणांची धमकी. "तोंडी परीक्षेला येशीलच ना माझ्याकडे." लेखी 80 चा अभ्यास करायचा की सरांचा मूड सांभाळायचा? मार्क कमी द्या, पण कशासाठी कापले ते सांगा. तपासलेल्या पेपरवर नुसता लाल आकडा असतो, चूक कुठल्या पायरीवर झाली ते कळतच नाही.

माध्यमिक शिक्षिका, विदर्भ
मुलांचं पटतंय. पण माझ्या एका तुकडीत 60 मुलं आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना देता येतं, आणि ते नेमकं सहामाहीच्या तोंडावर येतं. तरीही पायरीवर खूण करायला वेळ लागत नाही. या सहामाहीपासून करते.

दहावी, मुलगी
आमच्या वर्गशिक्षिका सगळ्यांसमोर गुण वाचत नाहीत. पेपर उलटा करून बाकावर ठेवतात. बाकी शाळांतही असंच व्हावं.