डॉक्युमेंटक्लासमध्ये ड्रायव्हरचं नाव लिहावं का?

धागाकर्ता
माझं मत आधीच सांगतो: लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीच्या फाइलमध्ये आउटपुट ड्रायव्हरचं, म्हणजे अंतिम पान तयार करणाऱ्या प्रोग्रामचं, नाव लिहू नये.

परवा सहलेखकाकडून एक लेख आला. पहिल्याच ओळीत, लेखाचा प्रकार ठरवणाऱ्या डॉक्युमेंटक्लास आज्ञेच्या पर्यायांमध्ये 'डीव्हीआयपीएस' असं एका ड्रायव्हरचं नाव लिहिलेलं. मी तो पीडीएफलाटेकने, म्हणजे थेट पीडीएफ लिहिणाऱ्या पीडीएफटेक इंजिनावर, चालवला. पीडीएफ तयार झाली, एरर एकही नाही. पण चारही ईपीएस (पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतल्या) आकृत्यांच्या जागी अचूक मापाच्या कोऱ्या जागा, आणि रंगीत मजकूर सगळा काळा! झालं असं, की ग्राफिक्स पॅकेजने ईपीएसमधून माप वाचलं, तेवढी जागा सोडली आणि चित्र काढण्याची आज्ञा 'स्पेशल', म्हणजे ड्रायव्हरसाठीची खास सूचना, म्हणून पुढे धाडली. ती डीव्हीआयपीएसला कळते. पीडीएफटेकला कळत नाही, म्हणून तो लॉगमध्ये एक इशारा टाकून पुढे जातो. लांबलचक लॉगमधली ती एक ओळ माझ्या नजरेतून सुटली.

ग्राफिक्स डॉट सीएफजी ही फाइल पीडीएफटेक, लुआटेक, झीटेक ही इंजिनं ओळखून ड्रायव्हर आपोआप निवडते. मग हाताने लिहायचं कशाला?

जुना टेककर
असहमत. चुकीच्या इंजिनावर तुम्ही फाइल चालवलीत आणि दोष त्या ओळीला देताय.

जुन्या वाटेने लाटेक आधी डीव्हीआय फाइल लिहितं आणि डीव्हीआयपीएस तिचं पोस्टस्क्रिप्ट करतं. त्या फाइलमध्ये चित्र नसतंच. अक्षरं आणि आडव्या-उभ्या रेषा कुठे बसवायच्या एवढंच ती सांगते, बाकी सगळं स्पेशलमधून ड्रायव्हरच्या हवाली. तुम्ही नाव लिहा वा न लिहा, चित्र असलेला लेख कुठल्या ना कुठल्या ड्रायव्हरवर अवलंबून असतोच. पीएसट्रिक्स पॅकेजने काढलेल्या आकृत्या तर थेट पोस्टस्क्रिप्टवर उभ्या आहेत. लेखकाने 'डीव्हीआयपीएस' लिहिलं म्हणजे हा लेख कोणत्या वाटेने छापायचा ते सांगितलं. दहा वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला हीच माहिती लागते.

शिवाय सगळं गुपचूप होतं हेही खरं नाही. त्याच लेखात दुवे घालणारं हायपररेफ पॅकेज असतं, तर पीडीएफ मोडमध्ये डीव्हीआयचा ड्रायव्हर दिल्याबद्दल त्याने सरळ एरर दिली असती.

धागाकर्ता
हायपररेफ नव्हतं, हाच तर मुद्दा आहे. तो पर्याय काढल्यावर तोच लेख पीडीएफलाटेकवर व्यवस्थित चालला. लाटेकच्या टेक लाइव्ह या वितरणात २०१० पासून ईपीएसचं पीडीएफ परस्पर करून घेतलं जातं. म्हणजे वाट सांगणाऱ्या ओळीनेच वाट अडवली होती.

डीव्हीआयपीडीएफएमएक्सवाला
दोघांचंही थोडं चुकतंय असं वाटतं. इंजिन डीव्हीआय लिहीत असेल, तर पुढे ती फाइल कोण वाचणार हे त्याला कळायला मार्गच नाही. अशा वेळी डीव्हीआयपीएस गृहीत धरलं जातं. मी डीव्हीआयचं थेट पीडीएफ करणारा डीव्हीआयपीडीएफएमएक्स हा ड्रायव्हर वापरतो, त्यामुळे मला नाव लिहावंच लागतं. नाही लिहिलं, तर टिकझेड हे आकृत्यांचं पॅकेज डीव्हीआयपीएससाठी कच्चं पोस्टस्क्रिप्ट सोडतं आणि आकृत्या गायब होतात.

खरा घोळ नाव कुठे लिहिलं यात आहे. ग्राफिक्सला एक ड्रायव्हर, पानाची मापं ठरवणाऱ्या जॉमेट्रीला दुसरा, रंगांच्या पॅकेजला काहीच नाही, अशा फाइली मी तासन् तास निस्तरल्या आहेत. लिहायचं तर डॉक्युमेंटक्लासमध्ये, एकदाच. तिथून ते सगळ्या पॅकेजांना मिळतं.

धागाकर्ता
डीव्हीआयपीडीएफएमएक्सचं मान्य, तिथे लिहावंच लागेल. 'कधीच लिहू नये' हे मागे घेतो. पण पीएसट्रिक्सवाल्या लेखात ड्रायव्हरच्या नावाऐवजी आयएफटेक पॅकेजने पीडीएफ मोड आहे का ते तपासावं आणि असेल तर स्पष्ट एरर देऊन थांबवावं. कोऱ्या जागा छापून येण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

जुना टेककर
नव्या लेखात तसं जरूर करा, मीही करेन. जुन्या फाइलींमधला तो पर्याय मात्र खोडू नका. आधी तो लेख डीव्हीआयपीएसवर चालवून मूळ पानं कशी दिसत होती ते पाहा, दोन्ही वाटांनी केलेल्या पीडीएफ शेजारी ठेवा आणि मगच हात लावा.