टायरवरचं इंधनाचं अक्षर: आधी बघायचं की शेवटी?

तिरकी_चाल

टायर बदलायची वेळ आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "यातला अ‍ॅव्हरेज जास्त देणारा कुठला?" माझ्या मते हा प्रश्न शेवटचा असायला हवा. म्हणून हा धागा.

ज्यांनी लेबल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपीय संघाचं टायर लेबल तीन गोष्टी सांगतं: रोलिंग रेझिस्टन्स म्हणजे टायर लोळताना किती ऊर्जा खातो (हेच इंधनाचं अक्षर), ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर पकड कशी आहे, आणि बाहेर आवाज किती होतो. पहिल्या दोन्हींना ए ते ई अशी अक्षरं असतात. मे २०२१ पूर्वी ती जीपर्यंत जायची.

लोक इंधनाचा ए बघतात, खूश होतात आणि शेजारचं पकडीचं सी वाचतच नाहीत. पकडीची अक्षरं एका प्रमाणित टायरच्या तुलनेत ठरतात. ए मिळवायला १.५५ पट पकड लागते, सी १.२५ पासून सुरू होतो. म्हणजे सीच्या तळातला टायर ताशी ८० किमीवरून ३५ मीटरमध्ये थांबत असेल, तर जेमतेम ए मिळवलेला साधारण २८ मीटरमध्ये थांबेल. हे ७ मीटर पेट्रोलमध्ये कसे मोजणार?

उन्हाळी टायरबद्दलच बोलतोय. बर्फाचे टायर हा वेगळा विषय, तो इथे नको.

लिटरभर

तिरकी_चाल, सातच मीटर मोजलेत, लिटर मोजायचे राहिले. मी मोजतो.

गाडी १४०० किलोची धरा, म्हणजे वजन सुमारे १३.७ किलोन्यूटन. इंधनाच्या अक्षरांत एका पायरीचा फरक दर किलोन्यूटनला सव्वा न्यूटनच्या आसपास असतो. म्हणजे एक अक्षर खाली गेलात की गाडीला सतत १६-१७ न्यूटन जास्त जोर लावावा लागतो. १०० किमीला चाकांवर १.६५ मेगाज्यूल. इंजिन त्यातलं तीस टक्के कामाला लावतं असं समजलं तर पेट्रोलमधून साडेपाच मेगाज्यूल, म्हणजे ०.१७ लिटर. टायर ४०,००० किमी चालला तर ६८ लिटर. हे एकाच अक्षराचं. ए आणि ई यांत फरक याच्या तिप्पट-चौपट.

पकड जोरात ब्रेक मारता तेव्हा लागते. रोलिंग रेझिस्टन्स चाक फिरतंय तोवर प्रत्येक क्षणी खर्च होत असतो.

फुकटचा_सल्ला

ते ६८ लिटर वाचवायला आधी हवा चेक करा. कमी हवेच्या टायरवर लेबलातला ए काही कामाचा नाही.

गोटा_टायर

माझा अनुभव वेगळाच आहे. जुने टायर झिजून पार गोटा झाले होते. इंधनाला बी असलेले नवे घातले आणि अ‍ॅव्हरेज वाढायच्या ऐवजी कमी झालं! टायरवाला म्हणाला, "रुळायला वेळ द्या." किती द्यायचा? मला तर लेबल म्हणजे नुसती जाहिरात वाटते. ती अक्षरं टायर कंपन्या स्वतःच जाहीर करतात म्हणे.

रबरी_बुद्धी

गोटा_टायर, कंपन्या स्वतः जाहीर करतात हे खरं. पण चाचणीची पद्धत ठरलेली असते, आणि बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणा टायर उचलून तपासू शकतात. तुमच्या अ‍ॅव्हरेजचं कोडं मात्र लेबलमुळे पडलेलं नाही.

पहिलं कारण: रोलिंग रेझिस्टन्समधला मोठा वाटा रस्त्याला टेकणाऱ्या रबराचा असतो. चाक फिरताना ते रबर दबतं, सुटतं आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. नव्या टायरवर हे रबर जास्त, गोट्यावर कमी. त्यामुळे साधा टायरसुद्धा झिजत जातो तसा हलका लोळायला लागतो. लेबलावरचा आकडा नव्या टायरचा असतो.

दुसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही. २०५/५५ आर १६ या मापाचा टायर घ्या. नवा असताना नक्षी साधारण ८ मिमी खोल, १.६ मिमीवर तो बाद. म्हणजे व्यास ६३२ मिमीवरून ६१९ वर येतो, दोन टक्के कमी. किलोमीटरचा काटा चाकाचे फेरे मोजतो. गोट्यावर चाक जास्त फेरे घेतं, काटा जास्त किलोमीटर दाखवतो आणि तुमचं अ‍ॅव्हरेज कागदावर फुगतं. नवा टायर घातला की ते दोन टक्के आपोआप गायब.

तुलना करायची तर नव्याची नव्याशी करा. ती घरी करणं जवळपास अशक्य. म्हणून तर चाचणी ठरावीक तापमानात, ८० च्या वेगाने, ड्रमवर करतात.

गोटा_टायर

म्हणजे गोटा टायरच सगळ्यात भारी की!

तिरकी_चाल

पाऊस पडेपर्यंत, हो.

लिटरभर, हिशेब बरोबर आहे, गृहीतं पटत नाहीत. शहरात सिग्नलला थांबत-निघत गेलात तर जास्त ऊर्जा वेग घेण्यात आणि ब्रेकमध्ये जाते. हायवेला जोरात गेलात तर हवेचा रोध टायरला मागे टाकतो. टायरचा हिस्सा तुमच्या चालवण्यावर ठरतो.

लिटरभर

हिस्सा बदलतो, न्यूटन फारसे बदलत नाहीत. १६ न्यूटन सिग्नलआधीही असतात, नंतरही.

आणि "पकड की इंधन" हा वादच जुना झालाय. रबरात काजळीच्या जागी सिलिका (वाळूतला पदार्थ) घालून मिशेलिनने १९९२ मध्ये टायर आणला तेव्हापासून ती गाठ सैल होत आली आहे. लोळताना रबर सेकंदाला काही वेळा दबतं, ओल्या खडबडीत रस्त्यावर घसरू पाहताना मात्र हजारो-लाखो वेळा. दोन वेगळ्या कंपनांना एकच रबर वेगळं वागवता येतं. हळू दबताना कमी ऊर्जा खाणारं, वेगात दबताना जास्त खाणारं. प्रयोगशाळेत रबर लोळण्यासाठी ६० अंश आणि ओल्या पकडीसाठी ० अंश सेल्सिअसला तपासतात ते याचसाठी. दोन्हीकडे ए असलेले टायर आज मिळतात. तेच घ्या आणि मोकळे व्हा.

रबरी_बुद्धी

मिळतात, पण तुमच्या मापात मिळतील असं नाही. एकाच मॉडेलची वेगवेगळ्या मापांत वेगवेगळी अक्षरं असतात. आणखी एक मेख आहे. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला टायर गाडी कंपनीने खास बनवून घेतलेला असू शकतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, चांदणी किंवा एमओ, एओ अशा खुणा असतात त्या त्याच्या. त्याच नावाचा, त्याच मापाचा पण बिनखुणेचा टायर घेतलात तर अक्षर वेगळं निघू शकतं. नाव पाठ करून दुकानात जाऊ नका, लेबल वाचा.

तिरकी_चाल

बरं, दोन्हीकडे ए घेतला. मग पाणी कुठे मुरतंय? टायरच्या धंद्यातली माणसं तीन गोष्टींचा त्रिकोण सांगतात: लोळणं, ओली पकड आणि झीज. लेबलात तिसरा कोपराच नाही. लोळणं हलकं करायचा सोपा रस्ता म्हणजे वरचं रबर कमी करणं. साडेसहा मिमी नक्षी देऊन ए मिळवलात आणि टायर लवकर संपला, की ६८ लिटरचं पुढच्या जोडीच्या बिलात विसर्जन.

लिटरभर

झिजेसाठी साइडवॉलवर अमेरिकेचा ट्रेडवेअर आकडा असतो की. ४०० वाला २०० वाल्याच्या दुप्पट टिकतो.

रबरी_बुद्धी

कागदावर दुप्पट. ती चाचणी ७,२०० मैलांची असते, पुढचं आयुष्य अंदाजाने काढतात आणि आकडा कंपनीच देते. एका कंपनीच्या दोन टायरांत तुलना ठीक, दोन कंपन्यांत जपून. त्याच्या शेजारचं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं अक्षरही नीट समजून घ्या. ते सरळ रेषेत चाक जॅम करून घसरवलेल्या ओल्या चाचणीचं आहे. वळणाबद्दल ते काहीच सांगत नाही.

युरोपच्या लेबलातही खूप काही नाही. कोरडा ब्रेक नाही, वळणावरचं वागणं नाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो ते तर नाहीच, कारण चाचणीतलं पाणी सुमारे एक मिमीचं असतं.

शांत_प्रवासी

आणि डेसिबल? आम्हाला तेवढंच हवंय.

रबरी_बुद्धी

ते रस्त्याकडेला उभ्या असलेल्याला ऐकू येणारे डेसिबल आहेत. आत बसलेल्यांसाठी नाहीत.

शांत_प्रवासी

घ्या!

बॅटरीवाला

ईव्हीवाल्यांनी लिटरभरचं ऐकावं. आमच्याकडे इंजिनासारखी सत्तर टक्के उष्णता उडत नाही, त्यामुळे एकूण खर्चात टायरचा वाटा मोठा दिसतो. शिवाय गाडी जड. फक्त अक्षराच्या नादात लोड इंडेक्स विसरू नका. ९१ म्हणजे टायरमागे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. गाडीला ९४ सांगितला असेल तर ९१ चा ए कितीही छान दिसला तरी नको.

गोटा_टायर

माझ्या मापात दोन पर्याय आहेत. एक: इंधन ए, पकड बी. दुसरा: इंधन सी, पकड ए. सांगा.

लिटरभर

पहिला. दोन अक्षरं म्हणजे ४०,००० किमीला १३०-१४० लिटर. पकडीत फरक काय, तर ए ३० मीटरला थांबेल तिथे बी ३३ ला. गाडीच्या लांबीपेक्षाही कमी.

तिरकी_चाल

दुसरा. एवाली गाडी थांबते त्या जागी बीवाली अजून ताशी २५ च्या आसपास पळत असते. पुढे ट्रक उभा असेल तर त्या तीन मीटरांचा अर्थ कळेल.

लिटरभर

मग ८० ऐवजी ७६ ने चालवा. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, चार किमी कमी केलेत की तुमचे तीन मीटर परत. टायर बदलायची गरज नाही.

तिरकी_चाल

वा! ७६ ने चालवलं तर हवेचा रोधही १७-१८ न्यूटनने उतरतो, म्हणजे तुमच्या एका अक्षराइतकं इंधन फुकटात वाचलं. आता सांगा, पकड घेऊन हळू जायचं की इंधन घेऊन हळू जायचं?

लिटरभर

इंधन घेऊन. हळू जाणारच असेन तर पकड कशाला हवी?

तिरकी_चाल

पुढचा हळू जात नसतो म्हणून.

गोटा_टायर

पकड ए वाला मागवावा लागेल, आठवडा जाईल. पहिला दुकानात तयार आहे. थांबू?

रबरी_बुद्धी

नक्षीच्या खाचेत तळाला छोटे उंचवटे असतात. झीज तिथपर्यंत आली असेल तर १.६ मिमी उरलं. तसं असेल तर थांबू नका, आहे तो घाला.

तिरकी_चाल

याला माझंही अनुमोदन.