मदत हवी आहे : थंडीत अडीच महिने गाडी उघड्यावर

नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहतो. लेकीच्या बाळंतपणासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुण्याला जाणार आहोत. वाडा जुना, गल्ली अरुंद, त्यामुळे गाडी (पेट्रोल, २०१६ची) बाहेर चौकातच उभी राहील. इथली थंडी तुम्हाला ठाऊकच आहे: पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, आणि धुकं असं की दुपारपर्यंत काचा ओल्याच.

गेल्या वर्षी महिनाभरातच बॅटरी बसली. हँडब्रेक ओढून ठेवला होता, तोही चिकटला. यंदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणार, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावणार, टाकी भरून ठेवणार. हवा दोन-तीन पॉइंट जास्त भरली तर चालेल ना?

खरी अडचण कव्हरची आहे. प्लॅस्टिकचं घातलं की आत दव साचतं, रंगावर डाग पडतात. कापडी घातलं तर धुक्यात भिजतं. मग उघडीच ठेवू का? आणि उंदीर! बॉनेटखालच्या वायरी कुरतडू नयेत म्हणून डांबरगोळ्या पुरतात का?

शेजारचे काका आठवड्यातून एकदा गाडी सुरू करायला तयार आहेत, पण नुसती पाच मिनिटं चालवून बॅटरी चार्ज होत नाही म्हणतात. ही गाडी बाबांनी घेतलेली, शेवटची. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.