मारुतीच्या आधीचा ट्रक

वर कुणीतरी म्हटलंय की १९८३ला मारुती आली आणि तिथून भारतात वाहन उद्योग सुरू झाला. मोटारींपुरतं बोलायचं तर समजू शकतो (ॲम्बेसेडर आणि फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली पिढी अजून आहे), पण ट्रक विसरून कसं चालेल?

मुंबईत जनरल मोटर्स १९२८पासून गाड्या जोडत होती. पण जोडणं म्हणजे बनवणं नव्हे. सुटे भाग बाहेरून यायचे, इथे फक्त नट-बोल्ट आवळायचे. १९५३मध्ये टॅरिफ कमिशनने (आयात शुल्काबाबतच्या सरकारी आयोगाने) सांगितलं, इथे टप्प्याटप्प्याने उत्पादन करणार असाल तरच राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला.

टाटांच्या टेल्कोने (पुढची टाटा मोटर्स) मात्र १९५४मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक काढले. करार संपला तोवर काम हाती बसलं होतं. पुण्यात तर टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी गाड्यांच्या आधी डाय (पत्र्याला आकार देणारे साचे), यंत्रं आणि शिकाऊ कामगार घडवायला घेतले. तेव्हा अनेकांना हा उलटा कारभार वाटला असेल. त्याचं फळ १९८६मध्ये दिसलं. टोयोटा, माझदा, मित्सुबिशी, निस्सान या चार जपानी कंपन्यांनी इथल्या कंपन्यांशी वेगवेगळी भागीदारी करून काढलेले हलके ट्रक बाजारात असताना टेल्कोने घरी बनवलेला हलका ट्रक, ४०७, त्यांना पुरून उरला. पिंपरी-चिंचवडच्या गल्ल्यांतली सुट्या भागांची वर्कशॉप्सही याच काळात वाढली. चाकणचे वाहन कारखाने फार नंतरचे.