'पाणक्या' हा शब्द दिदिए देशाँसाठी चालेल का?

मंडळी, एका शब्दावर अडलोय. परळला आमच्याकडे शाळकरी पोरांचा फुटबॉलचा ग्रुप आहे, त्यांच्यासाठी दिदिए देशाँवर मराठीत टिपण लिहितोय, फ्रान्सचा मिडफिल्डर, पुढे कोच झाला तो. त्याच्या करिअरमधली एक गोष्ट टाळताच येत नाही. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्याच एरिक कँटोना या स्ट्रायकरने त्याला 'पाणी वाहणारा' म्हणून हिणवलं होतं, असले खेळाडू नाक्यानाक्यावर मिळतात अशा अर्थाचं. हे मराठीत लिहू कसं? 'पाणी पाजणारा' लिहिलं तर अर्थच उलटा होतो, कारण आपल्याकडे पाणी पाजलं म्हणजे समोरच्याला हरवलं. 'पाणी नेणारा' लिहिलं तर मुंबईतली पोरं ट्वेल्थ मॅन समजणार, ड्रिंक्सला बाटल्या घेऊन आत पळतो तो, आणि हा तर चक्क कॅप्टन होता. मिडफिल्डरला 'मध्यरक्षक' आणि कोचला 'प्रशिक्षक' हे पेपरातले शब्द वापरावेत का तेही सांगा.

*

दादा, 'पाणक्या'च लिहा. नळ घरात यायच्या आधी विहिरीवरून घरोघरी पाणी भरणारा तो पाणक्या, अनेकवचन पाणके. त्याला घरात मान नसायचा पण तो आला नाही की चूल अडायची, आणि कँटोनाच्या टोमण्यात नेमकं हेच आहे, म्हणजे काम हलकं म्हणून माणूसही हलका. फ्रेंचमधला मूळ शब्द सायकल शर्यतीतून आलाय. तिथे टीममधले काही जण स्वतः जिंकायला नसतातच, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, जर्सीत कोंबायच्या आणि दामटत पुढे जाऊन लीडरला द्यायच्या, हेच त्यांचं काम. फुटबॉलमध्ये तो शब्द बॉल हिसकावून साधा पास देणाऱ्या मिडफिल्डरला लागला.

आणि मराठीत या शब्दाला एक बाजू आहे जी फ्रेंचला नाही. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी कोणी वाहिलं ते आपल्या पोरांना सांगावं लागत नाही. एखाद्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरते असंही आपण कौतुकानेच म्हणतो. त्यामुळे पाणक्या म्हटलं की अपमान कळतो आणि त्या अपमानाला उत्तरही त्याच शब्दात मिळतं, म्हणून मला तो फार आवडतो.

देशाँचं उत्तर तर ट्रॉफीच्या कपाटात होतंच. 1993 ला फ्रान्सच्या मार्सेय क्लबचा कॅप्टन म्हणून म्युनिकला इटलीच्या मिलानला 1-0 हरवून युरोपियन कप, म्हणजे चॅम्पियन्स लीग, उचलला तेव्हा वय फक्त 24, आणि त्याआधी एकाही फ्रेंच क्लबला तो जमला नव्हता. 1996 ला इटलीच्या युव्हेंटसकडून परत तोच कप. मग 1998 चा वर्ल्ड कप, पॅरिसजवळ सँ-दनीला ब्राझीलला 3-0, त्यात फ्रान्सचा स्टार झिदानची दोन हेडर सगळ्यांच्या लक्षात आहेत, पण कॅप्टनचा पट्टा देशाँच्या दंडावर होता आणि झिदानला पुढे मोकळं खेळता यावं म्हणून मागची जागा धरून बसणाऱ्यांत तो होता. 2000 चा युरो कपही त्याच्याच हाती. टिपणात हे जरा सावकाश लिहा प्लीज, पोरांना गोल दिसतात, पण गोलच्या आधी कोणी काय निस्तरलं ते दिसत नाही.

*

मी डोंबिवलीहून. पाणक्या शब्द झकासच आहे पण आताच्या पोरांना टँकरवाला माहीत, पाणक्या नाही, म्हणून एका ओळीत अर्थ द्याच. 'मध्यरक्षक' मला पूर्वीपासून खटकतो, देशाँला शोभतो कारण तो खरंच राखण करायचा, पण झिदानला मध्यरक्षक म्हणायचं म्हणजे काय! आणि 'मधल्या फळीतला' लिहिलंत तर मुंबईत लोक पाच नंबरला बॅटिंगला येणारा समजतील. सरळ मिडफिल्डर लिहा.

*

डोंबिवलीच्या ताईंशी शंभर टक्के सहमत, मिडफिल्डरच. 'प्रशिक्षक' बद्दल मात्र थोडं बोलतो. क्लबमध्ये रोज सराव घेतो त्याला प्रशिक्षक ठीक आहे. 2001 ला खेळणं थांबवल्या थांबवल्या देशाँ मोनाको क्लबला कोच म्हणून गेला, वय 32, आणि 2004 ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला नेलं (पोर्तोकडून 0-3 हरले), मग युव्हेंटस सेरी बी मध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये, उतरवली गेली होती तेव्हा तिला वर आणलं, मग 2010 ला मार्सेयला 18 वर्षांनी लीग जिंकून दिली. इथे प्रशिक्षक म्हणा. पण 2012 ला तो फ्रान्सकडे आला आणि देशाच्या टीमच्या कोचला फ्रेंच लोक जो शब्द वापरतात त्याचा अर्थ 'निवडणारा' असा आहे, कारण पोरं वर्षभर आपापल्या क्लबात, याच्या हाती थोडेच दिवस, मग कोणाला घ्यायचं आणि कोणाला बसवायचं हेच खरं काम.

2018 ची मॉस्कोची फायनल त्यासाठी परत बघा. क्रोएशियाशी 2-1 पुढे होते, पण मिडफिल्डमध्ये बॉल क्रोएशियाकडे, आणि एनगोलो कांटे, म्हणजे त्या टीममधला अस्सल पाणक्या, देशाँच्या स्वतःच्या जातकुळीतला, एक यलो कार्ड घेऊन चाचपडत होता. 55 व्या मिनिटाला देशाँने त्यालाच बाहेर काढलं आणि उंचपुऱ्या एनझोंझीला आत घेतलं. पुढच्या दहा मिनिटांत पोग्बा आणि एम्बापेचे गोल, शेवटी 4-2. आपल्यासारखाच खेळणारा माणूस, अख्खी स्पर्धा ज्याने राबून काढली, त्याला फायनलमध्ये उठवायला काळीज लागतं. आणि त्याच टीमचा स्ट्रायकर जिरू, त्या वर्ल्ड कपमध्ये एकही गोल नाही तरी टीममध्ये कायम, कारण तो अंगावर डिफेंडर घेऊन बाकीच्यांना जागा करून द्यायचा. स्ट्रायकरलाही पाणी भरायला लावणारा कोच दुसऱ्या कोणी नाही, पाणक्यानेच व्हावं. खेळाडू आणि कोच दोन्ही म्हणून वर्ल्ड कप जिंकलेले त्याच्याआधी फक्त ब्राझीलचा झगालो आणि जर्मनीचा बेकेनबाउर.

*

वा, काम झालं माझं. मग असं करतो, 'पाणक्या' लिहितो आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ देतो, श्रीखंड्याची ओळ ठेवतो, मिडफिल्डर तसाच. क्लबच्या वर्षांसाठी प्रशिक्षक. फ्रान्ससाठी 'निवडकर्ता' लिहावं म्हणतोय, पण त्याने सिलेक्शन कमिटीवाला वाटायचा धोका आहे, याहून बरा शब्द कोणाकडे असेल तर रविवारच्या आत टाका, रविवारी प्रिंट काढायची आहे.