आईवडिलांच्या घरी पाय-होल: शहाणपणा की नसती उठाठेव?

तारजोडी
दिवाळीला घरी गेलेली मंडळी आईवडिलांच्या फोनमधले फॉरवर्ड पुसतात, जागा मोकळी करून देतात आणि परत येतात. त्यापेक्षा तासभर राउटरपाशी बसा, असं माझं ठाम मत. पाय-होल हे घरभरच्या जाहिराती अडवणारं फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर किंवा अडगळीतल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून चालतं. घरातलं कुठलंही यंत्र साइट उघडण्याआधी डीएनएसला, म्हणजे नेटच्या पत्त्यांच्या वहीला, तिचा पत्ता विचारतं. जाहिरातवाल्यांचं किंवा माग काढणाऱ्यांचं नाव आलं की पाय-होल पत्ता देतच नाही. फोनोफोनी वेगळं अॅप नको. त्याचा लॉग, म्हणजे कुणी कुठला पत्ता विचारला याची नोंद, तर एकदा बघाच. आमचा टीव्ही स्टँडबायवर असतो, लाल दिवा तेवढा चालू, तरी रात्रभर कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता विचारत बसतो. व्हीपीएनच्या (आपलं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून वळवणाऱ्या सेवेच्या) जाहिरातींना भुलून वर्षाचे पैसे भरण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

शेवटचा बाक
तुम्ही बसवून पुण्याला परत जाल. पुढे? आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही. रास्पबेरी पायचं एसडी कार्ड अशा झटक्यांनी खराब होतं. पाय-होल पडलं की पत्ता सांगायला कुणी नाही, म्हणजे घरातलं सगळं नेट ठप्प. मालिका रंगात आलेली असताना फोन कुणाला येणार? जोडीला दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवला, तर यंत्रं मनाला येईल त्याला विचारतात आणि जाहिराती परत हजर. शिवाय गूगलवर शोधल्यावर सगळ्यात वरचा ‘प्रायोजित’ दुवा उघडतच नाही. वडील म्हणणार, तूच काहीतरी करून ठेवलंयस.

तारजोडी
तो दुवा उघडत नाही हाच तर फायदा! बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधायला जावं, तर बनावट नंबरवाले पैसे भरून नेमके तिथेच वर बसलेले असतात. त्याखालचा साधा दुवा उघडतो, एवढं सांगून ठेवलं की झालं.

निशिगंधा
इतका खटाटोप कशाला? अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे अॅडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसचा पत्ता टाकला की काम झालं, मोबाइल डेटावरही चालतं. पाय-होल उंबऱ्याबाहेर निरुपयोगी. खोट एकच: स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायचं लॉगिन पान कधीकधी अडतं, तेव्हा तेवढ्यापुरतं बंद करायचं.

तारजोडी
निशिगंधाताई, फोनपुरतं मान्य. टीव्हीचं काय करणार?

भोचक भवानी
रोग रेड्याला, औषध पखालीला! आमच्या सोसायटीत ज्यांचे पैसे गेले त्यांना व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये थेट बसवायचं अॅप, आली होती. त्यांनी ती स्वतःच्या हाताने बसवली, एसएमएस वाचायची परवानगी दिली, ओटीपी परस्पर गेला. फाइल व्हॉट्सअॅपमधून येते, तिथे तुमचं पाय-होल काय करणार? आणि प्रायव्हसीचं म्हणाल, तर आधारची झेरॉक्स आपण सिमकार्डवाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटून मोकळे झालोय. टीव्ही कुणाशी बोलतो याची कसली चिंता!

पोर्ट ४४३
मी पोटासाठी नेटवर्कचंच काम करते, म्हणून थोडं लांबण लावते. एक, पाय-होल तरी पत्ते आणतं कुठून? तेही वरच्या डीएनएसलाच विचारतं. म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटांची यादी कुणाकडे तरी जमा होतेच. अनबाउंड हे स्वतःच पत्ते शोधणारं सॉफ्टवेअर जोडून थेट मूळ सर्व्हरना विचारता येतं, पण त्या चौकश्या उघड्यावर जातात. डीएनएस कूटबद्ध केला तरी एचटीटीपीएस (साइटशी होणाऱ्या कूटबद्ध) जोडणीच्या सुरुवातीला साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं, त्यामुळे नेट पुरवणाऱ्याला तुम्ही कुठे गेलात ते कळतं. तिथे काय वाचलंत ते नाही.

दोन, तासभर राउटरपाशी बसणारच असाल तर आधी त्याचा अॅडमिन पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई या व्हायरसने कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेल्या पासवर्डांच्या जेमतेम साठेक जोड्या वापरून. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा, फर्मवेअर, म्हणजे राउटरमधलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. टीव्ही आणि कॅमेरे गेस्ट वायफायवर टाका, म्हणजे ते बाकीच्या यंत्रांपासून वेगळे राहतील. नेटवाल्याने दिलेल्या कित्येक राउटरांत डीएनएसची सेटिंग कुलूपबंद असते, मग पाय-होल राहतं बाजूला. स्वतःचा राउटर घ्यायचा तर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालेल असा बघून घ्या. कंपनीने अद्यतनं थांबवली तरी तो टाकाऊ होत नाही.

व्हीपीएनबद्दल मात्र तारजोडींशी सहमत. २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर नॉर्ड, एक्स्प्रेस, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. पण घरी बसून बँकेचं काम करायला व्हीपीएन लागतोच कशाला?

शेवटचा बाक
हे सगळं ठीक. पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. तो लॉग बघतं कोण? तारजोडी, टीव्हीचं बोलणं तुम्हाला दिसतं, तसंच वडिलांच्या फोनने रात्री दोनला कुठल्या आजाराची साइट उघडली तेही दिसतं. कंपनीला कळू नये म्हणून मुलाला कळू द्यायचं? त्यांना विचारलंत का?

तारजोडी
लॉगशिवाय दुरुस्ती कशी करणार? काही अडलं की नेमकं कुठलं नाव अडवलं ते बघूनच मोकळं करावं लागतं. तेही लांबून. आमच्याकडे सीजीनॅट (नेटवाला एकच पत्ता अनेक घरांत वाटतो) असल्याने बाहेरून सरळ आत जाता येत नाही, म्हणून टेलस्केल हे लांबून घरच्या जाळ्यात शिरायचं सॉफ्टवेअर टाकलंय.

पोर्ट ४४३
पाय-होलमध्ये गोपनीयतेच्या पातळ्या आहेत. नावं लपवता येतात, कुठल्या यंत्राने विचारलं तेही लपवता येतं. तेवढं करा. काही अडलं तर त्यांच्यासमोर, फोनवर बोलत, तात्पुरतं उघडा.

भोचक भवानी
म्हणजे रोज फोन करावा लागणार. आई खूश!

तारजोडी
नावं लपवली तर निम्मा उपयोग संपला, हे माझं मत कायम आहे. तरी वडिलांना विचारतो. ते ‘कर तुला हवं ते’ म्हणतील, ती संमती धरायची का, हा वेगळा धागा होईल.

शेवटचा बाक
ती धरू नका. आधी लॉग उघडून दाखवा, मग विचारा.