नारळाच्या दुधातली कोलंबी: अर्ध्या तासात, मिक्सर न लावता, सल्ला हवा

पोळपाट
नमस्कार मंडळी. पुण्यात, कोथरूडला राहते. ऑफिसातून घरी यायला साडेसात होतात. शुक्रवारी दीर-जाऊ जेवायला आहेत, म्हणजे आम्ही चौघं. माझं माहेर आचऱ्याचं. आई नारळाच्या दुधातली कोलंबी करायची, पातळसर, पिवळी, फार तिखट नाही. तशीच करायची आहे.
अडचणी दोन. बाळ सात महिन्यांचं आहे, मी येते तेव्हा नुकतं झोपलेलं असतं, त्यामुळे मिक्सर लावता येत नाही. आणि महिनाअखेर आहे, सगळं पाचशेच्या आत बसवायचंय.
पॅकमधलं दूध चालेल का? कोलंबी ताजी आणू की फ्रोझन? आणि मागच्या वेळी माझं दूध फाटलं, वर तेल आणि खाली चोथा. ते कशाने?

दादरचा_बाजार
पाहुणे येणार असतील तर वाघीच घ्या. मोठी, काळ्या पट्ट्यांची. मी गेल्या महिन्यात हजारच्या वर भाव देऊन एक किलो आणली, ताटात नुसती पाहूनच माणसं खूश झाली. लहान कोलंबी साफ करताना निम्मी जाते आणि वाटीत दिसतही नाही. बाकी काही कमी करा, कोलंबीत नको.

ओला_नारळ
पॅकमधलं दूध आमच्या घरात येत नाही. एक मोठा नारळ खवायचा, वाटीभर कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवायचा, पंचातून पिळायचा. पहिलं दाट दूध बाजूला. चोथ्यात परत पाणी घालून दुसरं पातळ दूध. पातळ दुधात शिजवायचं, दाट शेवटी. पाच मिनिटांचं काम आहे.

पोळपाट
ओला_नारळ, मिक्सर नको आहे हो. बाळ झोपलेलं असतं.

मांडवीकाठ
तुला कालदीन हवंय. आमच्या गोव्यात करतात, पिवळं, सौम्य, लहान मुलंसुद्धा खातात. धणे, जिरं, मिरी, हळद, आलं-लसूण आणि नारळाचं दूध, लाल मिरची अजिबात नाही, तिखटपणाला हिरवी. मसाला वाटावा लागतो, पण घाई असेल तर धणे-जिऱ्याची पूड वापर आणि आलं-लसूण खलबत्त्यात ठेच, बाळ उठणार नाही. आंबटपणाला थोडी चिंच.

खाडीपलीकडे
चिंच नको, कोकम. चिंचेने कोलंबीची गोडी मारली जाते. आम्ही मालवणकडचे, चार सोलं टाकतो आणि दोन तिरफळं ठेचून. चिंच आमटीत बरी.

मांडवीकाठ
तिरफळ बांगड्याला, तारलीला. कोलंबीचा स्वतःचा वास नाजूक असतो, तिरफळ तो गिळून टाकतं. आणि कोकमाने रस्सा लालसर होतो, तिने पिवळा मागितलाय.

खाडीपलीकडे
आमच्या आजीने ऐंशी वर्षं सुंगटांत, म्हणजे कोलंबीत, तिरफळ घातलं, कुणी ताट परत केलं नाही.

एडिसनकर
न्यू जर्सीत राहतो, इथे फ्रोझनशिवाय गत्यंतर नाही, त्यामुळे त्यातलं थोडं कळतं. पाकिटावर ३१/४० असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका पौंडात तेवढे नग. आकडा जितका कमी तितकी कोलंबी मोठी. वर बर्फाचा थर असतो, तेव्हा बर्फ सोडून निव्वळ वजन किती ते बघा. पाकीट न फोडता थंड पाण्यात वीस मिनिटं ठेवलं की सुटते. गरम पाण्यात नाही, कडा शिजतात आणि आत बर्फ राहतो. दूध मी डब्यातलं थाई घेतो, दाट मलई वर असते ती चमच्याने काढता येते. दोन डबे घ्या.

भरतीओहोटी
दुधाबद्दल कुणी बोललंच नाही. ते फाटतं कारण नारळाच्या दुधातलं प्रथिन तापून आवळतं, मग त्याने धरून ठेवलेलं तेल सुटून वर येतं. आंबट पडलं की आणखी लवकर. दाट दूध घातल्यावर खळखळ उकळी येऊ द्यायची नाही. बारीक आच, डाव एकाच दिशेने हलका फिरवायचा, कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. झाकण लगेच ठेवू नका. पॅकच्या दुधात बहुतेक वेळा स्थिर ठेवणारे पदार्थ असतात, म्हणून ते सहसा फाटत नाही. पण तोंडात एक पिठूळपणा राहतो, तो मला आवडत नाही.
दुसरं, डोकी आणि सालं टाकू नका. थोड्या तेलावर लाल होईपर्यंत परता, दोन वाट्या पाणी घाला, दहा मिनिटं उकळा, डावाच्या पाठीने चेपा आणि गाळा. चव त्या पाण्यात आहे. लहान कोलंबी असली तरी रस्सा मोठ्या कोलंबीसारखा लागतो.
कोलंबी शेवटी, तीन मिनिटं. अर्धचंद्रासारखी वळली की झाली. गोल गाठ झाली की रबर.

दादरचा_बाजार
वाघी घेतली तर तीन नाही, पाच मिनिटं लागतात. आणि पाठीवरचा काळा धागा काढायला विसरू नका, मी एकदा विसरलो होतो, सगळी कढई कचकचली.

ओला_नारळ
भरतीओहोटी म्हणतायत तेच मी म्हणाले, दाट दूध शेवटी.

वालाचं_बिरडं
आत्ता ताजीच घ्या. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, मग बाजारात मुख्यतः तळ्यातलीच. बरीचशी व्हनामी असते, मूळ मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याची. २००९ मध्ये आपल्याकडे तिला परवानगी मिळाली. वाईट नाही, पण समुद्रातल्या कोलंबीची गोडी तिला नाही. मी एका ओळखीच्या विक्रेत्याकडून समुद्राची म्हणून घेत होते, दोन वर्षांनी कळलं की तळ्यातली होती. अजून राग येतो.

पोळपाट
सगळ्यांचे आभार. काल केली, सांगते.
वाघी परवडली नाही. फ्रोझन नाही, पॅकचं दूधही नाही. गुरुवारी संध्याकाळी मध्यम कोलंबी आणली, ३३० रुपयांची. घरीच साफ केली, हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवली. डोक्यांचं पाणीही काढून ठेवलं, भरतीओहोटी, हा सल्ला सोन्यासारखा. नारळ दोन, ९० रुपये. नवऱ्याने विळीवर खवले आणि मी हाताने पिळले, आई पिळायची तसे, जुन्या मलमलच्या साडीच्या तुकड्यातून. पंचवीस मिनिटं गेली, मनगटं भरून आली, पण घरात आवाज नव्हता.
चिंचही नाही, कोकमही नाही. आईच्या कोलंबीत एप्रिलमध्ये कैरी असायची, ते तुमचा वाद वाचताना आठवलं. साल काढून चार फोडी डोक्यांच्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवल्या. आधी तेलावर ठेचलेली लसूण, उभ्या चिरलेल्या दोन मिरच्या, हळद, धण्याची पूड. मग कोलंबी, तीन मिनिटं. मग आच अगदी बारीक करून दूध. फाटलं नाही. कैरी, कोथिंबीर धरून पाचशेच्या आत बसलं. सगळं अर्ध्या तासात झालं नाही, पण शुक्रवारचं काम खरंच पंचवीस मिनिटांचं होतं, नारळ पिळणं धरलं नाही तर.
जावेने वाटी पुसून खाल्ली. आईइतका दाटपणा मात्र आला नाही.

खाडीपलीकडे
कैरी चालते, पण मग दोन तिरफळं हवीच होती.

दादरचा_बाजार
पुढच्या वेळी अर्धा किलो तरी वाघी घालून बघा.

ओला_नारळ
हाताने पिळायचा असेल तर खवलेला नारळ आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजत ठेव. पहिल्या पिळण्याला पाणी अर्धी वाटीच, जास्त नको. दाटपणा तिथेच ठरतो. माझी सासू मिक्सर येण्याआधी असंच करायची.

पोळपाट
मी वाटीभर ओतलं होतं. रविवारी परत करते.